खाल्ल्या मधाला

जिभेला हाड नसतं, म्हणतात माणसं.
आमचं उलटं:
आमची जीभच हाडांची.
बकरीच्या घोट्याचं हाड, चार कुशींचं,
गुहेच्या ओल्या भुईवर घरंगळतं
आणि ज्या कुशीवर निजेल
ते आमचं बोलणं.

आम्ही तिघी.
पार्नाससच्या पाठीवर, या काळोख्या कपारीत,
डोक्यावर जवाच्या पिठाचा भुरका,
वर बाया, कमरेखाली मधमाशा.
खाली डेल्फीत मोठा देव बसतो.
त्याच्याकडे जायला बोकड लागतो, नाणं लागतं
आणि पुरुष असावं लागतं.
आमच्याकडे चढून येतात ते उरलेले:
मेंढरांमागच्या पोरी, सुइणी,
हरवलेल्या खेचराचा मालक,
आणि एकदा एक कुंभार,
जो दिवसभर दाराशी बसला
आणि मूल कुणाचं ते न विचारताच उतरून गेला.

नियम एवढाच, डोंगराखाली सगळ्यांना पाठ:
मध द्या, आम्ही खाल्ल्या मधाला जागतो.
नाही दिलात, तर उपाशी तोंडी
खोटं बोलतो. रेटून बोलतो.
त्यात दुष्टावा नाही.
पोट रिकामं असलं की खरं
आम्हांलाही दिसत नाही,
नुसतं भणभणतं.

त्या वर्षी थाइमला फुलोऱ्यातच गारठा लागला.
डोंगरभर पोळी हलकी.
तिमारेता आली तेव्हा
आम्ही एकमेकींचे पंख चाटत होतो.
तिनं घडा खाली ठेवला, आणि आवाजावरूनच कळलं.
विसरली असेल, धाकटी म्हणाली.
गरीब असेल, म्हणाली थोरली.
पण तिनं घडा उपडा केला,
तळावर थाप मारून दाखवली आम्हांला,
बाजार उठताना वाणी पोतं झटकून दाखवतो तशी.

'लाम्पोन माझा,' म्हणाली,
'किर्राच्या बंदरातून वल्ही मारत गेला सिसिलीकडे.
सोबतची दोन गलबतं आली.
लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलेत.
घरी मध आहे.
मुद्दाम आणला नाही.'

मग वस्त्राच्या गाठीतून चार हाडं काढली.
त्यातलं एक चावलेलं,
दात येणाऱ्या पोरानं चघळावं तसं.
आणि टाकली.

एक, तीन, चार, सहा.
चारही कुशी वेगळ्या. याहून चांगलं दान नाही.
इतकी वर्षं बोलतोय आम्ही,
पण खोटं इतकं जपून
कधी बोललो नव्हतो.
म्हटलं, येतोय.
तळहातांना घट्टे पडलेत,
दाढी फुटलीय,
तुझ्यासाठी निळ्या काचेचा एक मणी घेतलाय,
गाठ सैल आहे, हरवेल म्हणून
दर रात्री चाचपून बघतो.
थोरलीनं मला चिमटा काढला: पुरे.
तिमारेता दाढीपाशीच थांबली होती.
'बरं,' म्हणाली. 'दाढी.'
आणि हाडं तिथंच सोडून
डोंगर उतरली.

द्राक्षं तुडवून झाल्यावर परत आली ती.
घोट्यांपर्यंत अजून जांभळा रंग.
या खेपेला घडा जड.
मेणासकट आख्खं पोळं
तिनं दगडावर ठेवलं, एक थेंब न सांडता,
दोन्ही कानांवर तळवे दाबले
आणि पाठमोरी झाली.

आम्ही खाल्लं. काय करणार, भूक होती.
आणि खरं तोंडात आलं,
गोड नाही, कडू नाही, नुसतं ओलं:
लाम्पोनचं सगळं,
कुठे, कुठल्या दिवशी, कुणाच्या हाताशी.
ते तसंच घोळवत राहिलो तिघी.
बाहेर तिची पावलं खडीवरून उतरत गेली.
मध्येच थांबली.
आम्हीही थांबलो, पंखसुद्धा.

चपलेतला खडा झटकून
ती पुढे गेली.