स्पिरिटनं पुसू नये

शुवैखच्या गल्लीत, पाट्या बनवणाऱ्या दुकानात,
भुकटीनं पापण्या पांढऱ्या झालेला गुलनवाझ विचारतो,
कागदवाली शीट, की प्लास्टिकवाली?
मी म्हणते, पारदर्शक.
तो हसतो. पारदर्शक तर दोन्ही.

कागद चिकटवलेली ओतीव असते,
साच्यात सावकाश थिजलेली.
प्लास्टिकची पातळ साल असलेली
रुळांमधून दाबून काढलेली. दोन दिनार कमी.
महिनाअखेर होती.
मी दोन दिनार वाचवले.

टाकी मुळात माझी नव्हे.
रोवेना सेबूला कायमची परत गेली
ती मागे ठेवून: तीन फुटी काच, दोन नारिंगी मासे,
एक चिडका खेकडा,
आणि फ्रिजवर चिठ्ठी, मीठ मोजून घाल,
नळाचं पाणी नको, माझ्याशी नाही तरी त्यांच्याशी बोल.
फरवानियाहून आणताना लिफ्टच्या दारात
ओव्हरफ्लोची पेटी तडकली.
छोटीच पेटी. पण तिच्यावाचून
वरचं पाणी खाली उतरेना,
आणि न उतरणारं पाणी किती दिवस जगवणार?

कापायला शिकले. पट्टी घट्ट धरून
दहा ओरखडे एकाच रेषेत,
मग ओट्याच्या कडेवर एक झटका.
कानस, बारीक पॉलिशकागद. कडा दुधाळ.
आणि शेवटी स्पिरिटनं पुसलं.

अकरा वर्षं वॉर्डात.
टोचण्याआधी पुसायचं, टोचल्यावर पुसायचं.
हात विचारत नाहीत.

रात्रपाळी करून आले तेव्हा पेटीच्या कडांवर
केसाएवढ्या चिरा, शेकड्यांनी,
सकाळच्या तिरक्या उन्हात चमकत होत्या.
सुंदरच होत्या, खरं सांगायचं तर.
गुलनवाझनं पेटी उजेडात फिरवली. म्हणाला,
ताण आतच असतो बहेनजी, कापताना राहिलेला.
स्पिरिट फक्त त्याला दार उघडून देतं.
मग दोन दिनार जास्त घेतले. कागदवाली दिली.

या खेपेला साबणाचं पाणी, मऊ फडकं.
बाहेर धुळीचं वादळ, खिडकी उघडता येईना,
म्हणून बाथरूममध्ये, पंखा लावून,
उलट्या बादलीवर मांडामांड.
सांध्याखाली टाचण्या, चार बोटांवर एक.
सांधणारा द्रव पाण्याहून पातळ, गोडसर वासाचा.
तो चिकटवत नाही. दोन्ही कडा जराशा विरघळवतो
आणि स्वतः उडून जातो.

सुई पंचवीस नंबरची.
इथे मात्र मला कुणी शिकवायला नको.
जुलैत उन्हानं कोसळलेली पोरं आणतात,
बांधकामावरून थेट, बुटांत सिमेंट,
शिरा आत पळालेल्या.
त्यांच्या कोपरात मी शोधलंय.
ही तर सरळ रेषा.
थेंब सोडला की आपणहून धावतो फटीतून,
कोरडा पांढुरका सांधा ओला, काळा, मग नितळ.
मनात तीस मोजले.
एकेक टाचणी ओढली. वजन म्हणून
वर डिक्शनरी ठेवली, अरबीची, अर्धी वाचलेली.

एक बुडबुडा राहिला. डाव्या कोपऱ्यात, तांदळाएवढा.
सलाइनच्या नळीत असता
तर टिचकी मारून वर घालवला असता.
इथे नाही जात. इथे तो आता राहणार.

पाणी भरून एक दिवस, एक रात्र
कोरड्या टिश्यूवर ठेवली.
मध्ये दोनदा उठले. बोट फिरवलं.
कोरडं.
तिसऱ्यांदा उठले ते उगाच.

आता दात्यांमधून पाणी उतरतं,
रात्री त्याचा आवाज येतो, कुणी हळूच
भांडी विसळत असल्यासारखा.
मासे पेटीकडे पाठ करून झोपतात.
चिरा गेलेली पहिली पेटी मी टाकली नाही.
तिच्यात लसूण ठेवते.

रोवेनाला फोटो पाठवला.
तिचं उत्तर, मासे दिसले. पेटी कुठाय? दिसतच नाही.
मग त्या बुडबुड्यावर बोट ठेवून
दुसरा काढला.