निदानासाठी नव्हे

कुरिअरवाल्यानं खोकं कानाशी हलवून पाहिलं.
"एवढ्या मोठ्या खोक्यात काहीच वाजत नाही, मॅडम."
बर्फ पुण्यापर्यंतच बर्फ होता.
सोलापुरात उतरल्या त्या कोमट जेलच्या पिशव्या,
त्यांच्यात करंगळीच्या पेराएवढी कुपी,
आणि कुपीच्या तळाशी थेंब.
किंमत: नान्नांची अडीच वर्षांची पेन्शन.

लेबलवर बारीक अक्षरं.
उंदरात तयार केलेलं प्रतिपिंड. मानवी इंटरल्यूकिन-८ ओळखतं.
खाली ठळक:
फक्त संशोधनासाठी. निदानासाठी नव्हे.

मे महिना. दीडला लाईट गेली.
फ्रिजचा आकडा चारावरून सात, सातावरून नऊ.
थर्मास ओढणीत गुंडाळून
स्कूटीवरून थेट कन्ना चौक, मडूरांचं आईस्क्रीम.
"काकू, बर्फात नको, ताकाच्या फ्रिजमध्ये ठेवा. उघडू नका."
"औषध आहे का गं?"
"नाही. शोधतं फक्त."

शोधतं फक्त. डोळे नाहीत त्याला.
रक्तातल्या हजार आकारांवरून चाचपत जातं
आणि एकच आकार पकडीत बसला
की सोडत नाही.
नान्ना तुटलेला धागा असाच शोधायचे.
मोतीबिंदू उतरल्यावरसुद्धा, माग थांबवून,
चोवीसशे ताण्यांवर तळहात पालथा फिरवत.
"इक्कड," म्हणायचे. इथं.
आणि गाठ मारून खोकायचे.

पूर्वभागातल्या चौऱ्याऐंशी मागकामगारांचं रक्त मीच काढलं.
नावं खोडली, आकडे दिले. नियमच तसा.
पण एक्केचाळीस नंबरच्या मनगटावर
धोट्यानं उठवलेला जुना वण आहे,
तो कसा खोडायचा?

शहाण्णव खळग्यांची प्लेट.
आधी निळं चढत जातं,
मग आम्ल सोडलं की निळ्याचं पिवळं.
कुठं ताकाच्या निवळीसारखं, कुठं लिंबाच्या सालीचं.
एक्केचाळीस: हळद.
पुन्हा लावलं.
हळदच.
सर मागून वाकून म्हणाले, वा, आलेख सुरेख येणार.

घरी नळ आला होता, चार दिवसांनी.
नान्ना पिंपाला टेकून बसलेले,
श्वासाला पायरी चढावी लागत असल्यासारखे.
"काय निघालं गं त्यात?"
निदानासाठी नव्हे, असं ठळक अक्षरात
माझ्या तोंडात आलं.
"पिवळं निघालं," म्हटलं.
ते विचारात पडले. चादरीचा माणूस, रंगाचं ऐकलं की पडतोच.
"धुतलीस का?"
"रंगाआधी पाच वेळा. ज्यानं घट्ट धरलेलं नसतं ते वाहून जातं."
"आणि राहिलं?"
"राहिलं, नान्ना."
"मग पक्का आहे," ते म्हणाले,
आणि भरलेली बादली पायानं सरकवून
रिकामी नळाखाली लावली.

पाणी जाईपर्यंत
मी सिव्हिलच्या केसपेपरचं काही बोलले नाही.