तुटक रेघ

पोस्टमनने अंक टेबलावर ठेवला
आणि पाणी मागायच्या आधीच म्हणाला,
"घ्या जी. हा शेवटचा म्हणते."

किटाडीच्या वाचनालयात 'चौकट' येतो
त्याला अकरा वर्षं झाली. येतो म्हणजे यायचा.
बातम्या नाहीत, गोष्टी नाहीत, नट्यांचे फोटो नाहीत.
नुसते खेळ. पटाचे, फाशांचे, पत्त्यांचे,
आणि दर महिन्याला
एक नवा कोरा पट.

मी शिपाई. किल्ली माझ्याकडे, खळही माझ्याकडे.
तांदळाच्या पिठाची खळ शिजवून तो पट
साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर डकवायचा,
हे माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं नाही.
सोंगट्या ज्याच्या त्याच्या.
ईस्तारी शिंप्याची शर्टाची बटणं,
कौतिकाबाईचे चिंचोके, एका अंगाने घासून पांढरे केलेले,
कापगते मुनीम राइस मिलमधून आणतात
पोत्यांची शिशाची सीलं.

पहिल्या पानावर संपादक लिहितात:
कागद परवडत नाही, टपाल परवडत नाही,
पुढच्या महिन्यापासून अंक मोबाइलवर.
आपलं मत अवश्य कळवा.

मत म्हटलं की किटाडीत तोटा नाही.

मुनीम म्हणाले, बरंच झालं,
आता अंक फाटणार नाही, कुणी घरी नेऊन दाबणार नाही.
त्यांच्या घरी तीन अंक आहेत, मला माहीत आहे.
ईस्तारी म्हणाला, "बोटभर पट तो.
त्यात चार टाळकी कुठं घालाची?
आन् हरलो त उधळाचं काय? फोन?"

कौतिकाबाई तलावाच्या मासोळ्या विकून येते,
टोपली दाराबाहेर ठेवते, वासाबद्दल आपणच आधी बोलते.
तिने मुनिमांचा फोन मागून घेतला,
दोन बोटांनी पट ताणला, अजून ताणला.
"हे चांगलं हाय व. मोठ्ठं होते.
माह्या डोयासाठी कागद मोठा झाला का कधी?"

अकरा वर्षं ती चौकोन मोजायची बोटाने.
आम्हाला वाटायचं, लबाडी करते.

तेवढ्यात हैदराबादहून कैलासचा फोन.
तिकडे फरशा बसवतो तो.
बातमी त्याला आधीच कळली होती.
"काका, आता मलेबी खेयता येईन ना तुमच्यासंग?"
ईस्तारी, त्याचा बाप, बटणं मोजत होता.
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

मग निघालं कूपन, मलपृष्ठावर.
होय. नाही. सांगता येत नाही.
तुटक रेघेवर कापून पाठवा.

पान उलटलं तर पाठीमागे पट.
कागद वाचवायला यंदा तिथेच छापलेला,
आणि तुटक रेघेच्या आत बरोब्बर
पंच्याण्णव ते शंभर. शंभर म्हणजे घर.

संपादकांच्या लक्षात आलं नसेल.
त्यांनी पान मोबाइलवर तपासलं असेल,
तिथे पानाला पाठ नसते.

दोन दिवस कुणी कापेना.
मत द्यावं तर घर जातं,
घर ठेवावं तर मत राहतं, आणि मत पोटात राहणं
किटाडीत कुणाला मानवत नाही.

तिसऱ्या दिवशी मुनिमांची नात दामिनी आली, सातवीतली.
ईस्तारीची कातर उचलली, करकर कापलं,
पाठ करून कुठे तरी खूण केली, पाकिटात घातलं.
कुठे, ते अजून सांगत नाही.
म्हणाली, "भोक पडलं त पडलं.
जो भोकात जाईन, तो एक डाव बाहेर,
टोपलीपाशी."

घर गेलं पुण्याला, पाच रुपयांच्या तिकिटावर.
मी पट डकवला तसाच, भोकासकट.
आता कुणी जिंकत नाही. मुनीम दोनदा टोपलीपाशी बसून आले,
नाकाला रुमाल लावून, पण बसले.

साडेआठला मी दिवा बंद करायला उभा, किल्ली हातात.
कौतिकाबाईचा चिंचोका ब्याण्णववर.
"थांब न जी," ती म्हणते, मुठीत फासा खुळखुळवत,
"माहा डाव हाय."