काळं पातं

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात काचेवर दोन चाकू मांडले:
एक उघडा, लख्ख, साडेतीनशे.
एक काळा, कोटिंगवाला, नऊशे ऐंशी.
"गंजायचा न्हाई. नातवाला द्याल," मालक म्हणाला.

मी उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर.
सोनेरी मुलाम्याची किती ड्रिलं
ह्या हातानं झिजवून भंगारात टाकली.
तरी बोट फिरलंच त्या काळ्यावरून,
मांजराच्या पाठीवरून फिरावं तसं.

घेतला.

सहा महिने पेरू, लिंबं, सुतळी, गॅसची जुनी नळी,
एकदा (सांगायला लाज वाटते) पत्र्याचा डबा.
मग टोमॅटो नुसता दबायला लागला.

इलाही शिकलगारानं पातं उन्हात तिरकं धरलं,
चाकावर दोनदा टेकवलं.
ठिणग्या उडाल्या, आणि कडेला
केसाएवढी पांढरी रेघ उघडी पडली.
"तुमचं कोटिंग हितंवर," नखानं दाखवत म्हणाला,
"कापतंय ते ह्याच्या म्होरं.
वीस रुपये द्या."

म्हणजे वरचे सहाशे तीस
जे कापतच नाही त्याला.
बिंदू चौकापर्यंत हाच हिशेब,
सिग्नल सुटला तरी मी तिथंच,
मागून रिक्षावाला काय बोलला ते लिहीत नाही.

जुना चाकू अजून आहे फडताळात,
लिंबानं खाल्लेला, तांबूस डागांचा.
त्यानं चिरलेला पेरू सुलभा खात नाही,
लोखंड चावल्यागत लागतं म्हणते.

आज काळ्यानं चिरून दिला.
तिनं फोड तोंडात टाकली,
मीठ मागितलं.
बाकी काही बोलली नाही.