कायमचा पत्ता

फॉर्मवर दोन चौकटी असायच्या:
सध्याचा पत्ता. कायमचा पत्ता.
दुसरीत मी वर्षानुवर्षं लिहीत आले
मिरजेच्या ब्लॉकचा नंबर, स्टेशनमागची गल्ली, पिनकोड;
बाबा तो विकून भावाकडे बंगळूरला गेले, त्यानंतरही.
हात आपोआप लिहायचा.
कुणी कधी तपासलं नाही.

सध्याचे मात्र बदलत राहिले.
लेव्हनशुममध्ये लाँड्रीच्या वरची खोली,
तिथे आमच्या पोळ्यांना ड्रायरमधल्या साबणाचा वास यायचा.
मग एका बेडरूमचा फ्लॅट: लिफ्ट बंद, सर्व्हिस चार्ज चालू.
मग एजलीचं बुटकं घर, विमानांच्या वाटेखाली,
शेजारच्या बेरिलशी भिंत सामाईक.
तिचा खोकला आम्हाला पाठ,
आमची भांडणं तिला, भाषा न कळताही.

इथले लोक याला शिडी म्हणतात.
वल्लभ एकेक पायरी चढला की
एक्सेलमध्ये नवा रंग भरतो.

आता रोमिली. तीन बेडरूम, मागे सफरचंदाचं झाड,
शाळा चालत अकरा मिनिटं
(मी चालून पाहिलं. निमिषच्या चालीने एकोणीस,
कारण वाटेत एक मांजर आहे).
कर्ज एकतीस वर्षांचं.
फिटेल तेव्हा मी बहात्तरची असेन.
वल्लभ म्हणाला, चला, तोवर जगणं भाग आहे.

पण एकटं घर विकत मिळत नाही इथे,
साखळी असते.
आमच्या खाली कॅलम आणि त्याची गरोदर मैत्रीण,
तिच्या आईच्या बैठकीत गादी टाकून राहणारे;
आमच्या वर मिस्टर ऑग्डेन, वय चौऱ्याऐंशी;
त्यांच्या वर साउथपोर्टचा एक फ्लॅट, पायऱ्या नसलेला,
ज्याची मालकीण मार्चमध्ये वारली.
कुठेतरी कुणीतरी सही करत नव्हतं
आणि आम्ही सगळे, एकमेकांना न ओळखणारे,
एकच दोर धरून उभे,
खोकी अर्धी भरलेली,
कालथा नेमका तळाच्या खोक्यात.
सात आठवडे मी डोसे चमच्याने उलटले.

सर्व्हेचा अहवाल आला, छप्पन्न पानांचा:
उत्तरेच्या भिंतीत ओल.
त्या ओलीपायी वल्लभने
चार हजार पौंड कमी करून घेतले.
ती भिंत कुठली, ते मला दुसऱ्या खेपेला कळलं.
तिला लागून पलंग होता, जोडीचा,
एकाच बाजूने दबलेला.
मला त्या चार हजारांची लाज वाटली.
परत दिले नाहीत.

मिस्टर ऑग्डेननी माळ्याचं झाकण दाखवलं.
"शिडी ठेवून जातोय. मला आता चढवत नाही."
ॲल्युमिनियमची, सहाव्या पायरीला काळी टेप.
"सहावीवर जपून. ती फिरते.
नीट करून घ्यायची राहिली.
आम्ही इथे दोनच वर्षांसाठी आलो होतो."
मी विचारलं, कधी?
"एकाहत्तरमध्ये."
आणि किल्ल्यांचा जुडगा चाचपत
ते बराच वेळ मागच्या दाराची किल्ली शोधत राहिले.
दार उघडंच होतं.

दवाखान्याच्या फॉर्मवर इथे चौकट एकच.
पत्ता.
हात सवयीने सुरू झाला: चार, एक, सहा…
मग थांबून, खोडून, एस, के, सहा.
खोडलेलं अजून वाचता येतं.

संध्याकाळी कॅलमचा मेसेज: बॉयलर पेटत नाही.
लिहिलं, लाल बटण दहा सेकंद दाबून धर,
आणि खालच्या नळीवर हलकेच एक चापट मार.
पेटला, म्हणाला.
मग विचारलं, भिंतीपलीकडे कोण खोकतंय?

वल्लभ म्हणाला, किती शांत आहे ना इथे.
हो, म्हटलं,
आणि कान देऊन पडून राहिले.