श्वास कधी सोडायचा

वार्डोच्या धक्क्यावर उणे एकोणीस.
एक बॅटरी कॅमेऱ्यात, दोन माझ्या काखेत,
अंडी उबवावीत तशा.
घरून निघताना चौऱ्याहत्तर टक्के,
दीपगृहाशी पोचेतो एकवीस.
बोटीच्या इंजिनाएवढी किंमत मोजली याची
आणि थंडीत हा असा गळाठतो.

पण नजर!
शेडमधल्या मिणमिणत्या दिव्याखाली
कॉड चिरणाऱ्या आयलर्टची पापणी
हिरव्या चौकटीत धरली की धरली.
तो वळला, वैतागला, सुरी पुसली,
चौकट हलली नाही.
कधी मात्र टोपलीतल्या माशाचाच डोळा
तितक्याच निष्ठेने धरून बसतो.
तेवढं त्याला कळत नाही.

संध्याकाळी तोर्ब्यर्गबाईंना खिडकीशी बसवलं.
मुलाला फोटो हवाय, ऑस्लोला.
त्यांनी हनुवटी उचलली, श्वास धरला.
मी काढत राहिले. वीस. चाळीस.
आत आरसाच नाही, मग आपटणार काय?
घरात फक्त चुलीतल्या लाकडाचा तडतडाट.

'काढलास?'
ओठ न हलवता.
'आमच्या वेळी खटकन वाजायचं.
आता श्वास कधी सोडायचा, ते तूच सांग.'

मी मेन्यूत शिरले. तीन पानं,
मागे, पुन्हा तीन पानं.
आवाज: चालू.
तीळभर स्पीकरमधून खोटं, गोजिरवाणं
खट्.

बाई हसल्या. खांदे सैल झाले,
चेहरा पहिल्यांदाच त्यांचा झाला,
आणि समोर काळोख.

काखेतली बॅटरी काढेपर्यंत
त्या कॉफी ओतायला उठल्या होत्या.