खांदा आधी

वेल्समधल्या आमच्या गावात घरांच्या पाठीला
स्लेटचे काळे ढीग टेकून असतात.
रात्री एखादा दगड आपोआप घसरतो.
कुणी दचकत नाही.

गेथिनला मात्र सगळे दचकायचे.
त्याच्या घशातून 'हुक्' असा आवाज निघायचा,
इतिहासाच्या तासाला, भूमितीच्या,
आणि प्रॉसर सरांची बायको गेली तेव्हा
उभं राहून पाळलेल्या त्या एका मिनिटातही.
तीनदा.
मी मोजलं होतं. दुसरं काय करणार होते?

मुलगे उघड हसायचे.
आम्ही मुली शहाण्या, खिडकीकडे बघायचो,
एकदम, सगळ्या जणी,
जणू बाहेर काही पेटलंय.
हसण्यापेक्षा त्याला ते जास्त दिसत असणार,
हे मला फार उशिरा सुचलं.

मी त्याची नक्कल छान करायचे.
खोटं कशाला बोलू, उत्तम करायचे.
कोट टांगायच्या खोलीत, ओल्या लोकरीच्या वासात,
लोरी हसून हसून बाकावर आडवी व्हायची.
एकदा ती मधेच थांबली.
दारात गेथिन. विसरलेली बाटली न्यायला आलेला.

"चुकतंय तुझं," तो म्हणाला.
"खांदा आधी येतो. मग आवाज."
आणि करून दाखवलं,
की ते आपलं आपण झालं,
मला अजून ठाऊक नाही.
बाटली काखेत मारून तो गेला.
झाकण नीट लागलं नव्हतं,
फरशीवर दारापर्यंत थेंब.

माफी मागायची, ती मी मागितली नाही.

परीक्षेला त्याला वेगळी खोली दिली.
पत्रात लिहिलं होतं, 'सर्वांच्या सोयीसाठी'.
हॉलमध्ये एकशे बारा पेनं आणि एक घड्याळ.
इतकं शांत, की माझा हात चालेना.
पहिल्या प्रश्नाचं अर्धं वाक्य लिहून
मी कशाची तरी वाट बघत बसले.
पलीकडच्या रांगेत लोरीनंही मान वर केली होती.

मग लांबून, जिन्याच्या वर, दोन भिंतींआडून,
'हुक्'.

आम्ही दोघी खाली वाकून लिहू लागलो.

हा काही चांगुलपणा नव्हे.
सोमवारी बसमध्ये
त्याच्या शेजारची जागा रिकामी होती,
त्यानं दप्तरसुद्धा उचलून मांडीवर घेतलं,
आणि मी उभीच राहिले,
दांड्याला धरून,
खाणीच्या प्रत्येक वळणाला
खांदा आपटून घेत.